पंचवीस माणसांचा मांडव आणि एकविसावे कलम

साथ आली, दरड कोसळली, गावात तणाव झाला की एक वाक्य हमखास कानावर येते : आधी जीव, मग हक्क. 2020 आणि 2021 मध्ये ते मंत्रालयापासून तलाठी कार्यालयापर्यंत सगळ्यांच्या तोंडी होते. बोलणाऱ्या सगळ्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. माणसे मरत होती, प्राणवायू मिळत नव्हता, आरोग्यसेविका आणि आशाताई जीव धोक्यात घालून वाड्यावस्त्यांवर फिरत होत्या. तरीही हे वाक्य चुकीचे आहे. साथ ओसरून काही वर्षे झाली आहेत, तेव्हा ते का चुकीचे आहे हे आता शांतपणे मांडले पाहिजे. पुढचे संकट आले की हेच वाक्य पुन्हा पुढे केले जाईल आणि तेव्हा उत्तर द्यायला कोणालाच उसंत नसेल.

या भूमिकेच्या बाजूने साधारण चार गोष्टी सांगितल्या जातात. एक, संकटकाळात घटनाच सरकारला मोकळीक देते, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. दोन, नियम सगळ्यांना सारखे होते, मग अन्याय कसला? तीन, लग्न म्हणजे सोहळा, तो पुढे ढकलला म्हणून कोणाचे काही बिघडत नाही. चार, आदिवासी आणि दुर्गम भागात लोकांना समज कमी, तिथे सक्तीशिवाय काही चालत नाही. या चारही म्हणण्यांना मी एकेक करून उत्तर देणार आहे.

हा प्रतिवाद तळेघर डोळ्यांपुढे ठेवून करतो आहे. मंचरहून घोडेगावमार्गे भीमाशंकरला जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. भोवती महादेव कोळी समाजाच्या वाड्यावस्त्या, पावसाळ्यात खाचरातला भात, उन्हाळ्यात हिरडा, आणि हाताला काम नसेल तेव्हा नारायणगावचा मजूर बाजार. आंबेगाव आणि जुन्नरचा हा पश्चिम पट्टा घटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली येतो. संकटे त्याला नवी नाहीत. याच तालुक्यात 30 जुलै 2014 रोजी माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले आणि 151 माणसे गेली. 3 जून 2020 रोजी, ऐन टाळेबंदीत, निसर्ग चक्रीवादळाने हिरड्याचे नुकसान केले आणि त्याच्या भरपाईसाठी इथल्या शेतकऱ्यांना पुढे दीर्घकाळ भांडावे लागले. मुंबईत काढलेला आदेश शेवटी जिथे पोहोचतो आणि सगळ्यात जड पडतो, अशा ठिकाणांपैकी हे एक. आदेश योग्य होता की नाही हे तपासायचे तर तो इथेच तपासावा.

आधी घटनेबद्दल. जीव आणि हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांतली एक निवडायची आहे, हे गृहीतच घटनेला मान्य नाही. एकविसाव्या कलमात जीवित आणि व्यक्तिगत स्वातंत्र्य एकाच वाक्यात, एकाच संरक्षणाखाली ठेवले आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात स्पष्ट केले की खासगीपणाचा हक्क याच कलमात आहे, आणि लग्न, अपत्यप्राप्ती, कुटुंब यांविषयीचे निर्णय त्या हक्कात मोडतात. कोणाशी लग्न करायचे, मूल कधी होऊ द्यायचे, मरणाऱ्या आईजवळ कोणी बसायचे, या गोष्टी जगण्याच्याच आहेत. त्या वजा करून उरतो तो जीव घटनेने वाचवायला सांगितलेला नाही.

आणि घटना संकटात बाजूला ठेवता येते, हेही खरे नाही. आणीबाणी जाहीर करण्याची तरतूद 352 व्या कलमात आहे आणि तिचे निकष ठरलेले आहेत : युद्ध, परकीय आक्रमण, सशस्त्र उठाव. साथीच्या काळात अशी आणीबाणी कोणी जाहीर केली नव्हती. 2020 मध्ये सरकारने जे केले ते साथरोग अधिनियम 1897, आपत्ती व्यवस्थापन अधिनियम 2005 आणि फौजदारी प्रक्रिया संहितेचे 144 वे कलम यांच्या आधारे. हे तिन्ही साधे कायदे होते आणि साधा कायदा घटनेच्या वर जात नाही. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीनंतर तर खरी आणीबाणी जाहीर झाली तरीही 20 आणि 21 ही कलमे स्थगित करता येत नाहीत. साथीच्याच काळात, 1 ऑक्टोबर 2020 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने गुजरात सरकारची अधिसूचना रद्द केली. साथीचे कारण पुढे करून कामगारांच्या कामाचे तास वाढवायचे आणि जादा कामाचा वाढीव मोबदला बुडवायचा, असा तिचा परिणाम होता. साथ म्हणजे कारखाने अधिनियमातली ‘सार्वजनिक आणीबाणी’ नव्हे, असे न्यायालयाने सांगितले. संकट आले म्हणून सरकारला आपोआप नवे अधिकार मिळत नाहीत, एवढी साधी गोष्ट यातून पक्की झाली.

44 वी दुरुस्ती का करावी लागली, हे महाराष्ट्राने विसरू नये. 1975 ते 1977 च्या आणीबाणीत देशाने संकटाच्या नावाखाली कुटुंबाचे काय होते ते पाहिले. समाजवादी नेते मधू दंडवते बंगळूरच्या तुरुंगात होते आणि प्रमिला दंडवते येरवड्यात. नवरा-बायकोंचा संसार दोन राज्यांतल्या दोन तुरुंगांत विभागला गेला होता आणि त्यांच्यात उरली होती ती पत्रे. खटला नाही, आरोपपत्र नाही. अशा स्थानबद्धांना न्यायालयात दाद मागता येते, असे नऊ उच्च न्यायालये म्हणाली. सर्वोच्च न्यायालयाने 28 एप्रिल 1976 रोजी जबलपूर खटल्यात त्यांचे म्हणणे अमान्य केले. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना विरोधात उभे राहिले. बहुमतात न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते. हे घराणे मूळचे खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचे, म्हणजे आंबेगावच्या शेजारचे. त्यांचे चिरंजीव न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी 2017 मध्ये पुट्टस्वामी खटल्याच्या निकालपत्रात वडिलांचा तो निर्णय चुकीचा ठरवला. 41 वर्षे लागली.

आणीबाणीच्या त्याच दीड-दोन वर्षांत सरकार लोकांच्या शरीरापर्यंत पोहोचले. लोकसंख्येचा स्फोट हे संकट ठरवले गेले आणि 1976-77 या एका वर्षात देशात 80 लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्र यात मागे नव्हता, उलट पुढे होता. तीन किंवा अधिक मुले असलेल्यांना नसबंदी सक्तीची करणारे विधेयक 1976 मध्ये आपल्याच विधिमंडळाने मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. लोकांनी निवडून दिलेले आमदार संकटाच्या दडपणाखाली कुठवर जातात, याचा पुरावा आपल्या विधानभवनाच्या कामकाजात नोंदलेला आहे. घटनेवर विसंबू नका, सरकारच्या सद्‌बुद्धीवर विसंबा, असे सांगणाऱ्यांनी हे विधेयक आठवावे.

आणीबाणी जाहीर झालेली असतानाही न्यायालये किती खंबीर राहू शकतात, याचेही उदाहरण इथलेच आहे. 1962 च्या आणीबाणीत भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर संझगिरींनी मुंबईच्या तुरुंगात अणुविज्ञानावर मराठी पुस्तक लिहिले. ते छापण्यासाठी बाहेर पाठवायला राज्य सरकारने परवानगी नाकारली. 1965 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे म्हणणे फेटाळले. स्थानबद्धतेच्या आदेशात जी बंधने लिहिली आहेत तेवढीच सरकार घालू शकते, बाकीचे स्वातंत्र्य माणसाकडेच राहते, असा त्या निकालाचा गाभा. तुरुंगातल्या माणसाला जे लागू होते ते आपल्या दारात बसलेल्या माणसाला लागू होत नाही, असे म्हणायला आधार कोणता?

आता दुसरे म्हणणे : नियम सगळ्यांना सारखे होते. 21 एप्रिल 2021 रोजी राज्य सरकारने ‘ब्रेक द चेन’च्या आदेशात लग्नासाठी तीन अटी घातल्या. समारंभ एकाच हॉलमध्ये, दोन तासांच्या आत, जास्तीत जास्त 25 माणसांत. मोडणाऱ्या कुटुंबाला 50,000 रुपये दंड. तेव्हा दुसरी लाट शिखराकडे चालली होती आणि गर्दीवर मर्यादा हवी होती, हे मी निःसंकोच मान्य करतो. पण या तीन अटी तळेघरच्या अंगणात आणून पाहा.

इथे हॉल नाही. लग्न घरापुढच्या मांडवात, मोकळ्या हवेत होते. हवेतून पसरणाऱ्या रोगाच्या काळात मोकळे अंगण बंद हॉलपेक्षा सुरक्षित, हे तोवर सगळ्या जगाला कळले होते. आदेश लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मात्र मंगल कार्यालयच होते. अंगणासाठी वेगळा विचार त्यात कुठेच नव्हता.

दंडाचे गणित आणखी विदारक आहे. 2021-22 मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर दिवसाला 248 रुपये मजुरी होती. 50,000 रुपये म्हणजे दोनशे दिवसांहून अधिक मजुरी. केंद्राच्या कायद्याची हमी तेव्हा एका कुटुंबाला वर्षाला 100 दिवसांची होती. म्हणजे पुण्यातल्या कार्यालयात लाखोंचे लग्न करणाऱ्याला जो दंड जेवणाच्या बिलात सामावत होता, तोच दंड इथल्या घराला हमीच्या दोन वर्षांच्या कामातून उतरवता येत नव्हता. सारखा आकडा म्हणजे सारखा न्याय नव्हे. चौदाव्या कलमाची समता आकड्यांची नाही, माणसांच्या परिस्थितीची आहे.

आणि नियम खरेच सगळ्यांना सारखे होते का? त्याच महिन्यात, 17 एप्रिल 2021 रोजी, पंढरपूर-मंगळवेढा विधानसभेची पोटनिवडणूक होती. लग्नाला 25 ची मर्यादा घालणाऱ्या 13 एप्रिलच्या आदेशातच निवडणूक असलेल्या भागात राजकीय सभेला परवानगी घेऊन मोकळ्या जागेत 200 माणसांपर्यंत मुभा होती. प्रचारसभेसाठी मोकळ्या मैदानाचा वेगळा विचार होऊ शकतो, तर लग्नाच्या अंगणासाठी का नाही? विषाणूला सभा आणि लग्न यांतला फरक कळत नाही. तो फरक सरकारने केला. सरकारने केलेल्या फरकाचे कारण सरकारनेच द्यायला हवे, आणि ते कोणी दिले नाही.

जिल्हाबंदीचेही तेच. 23 मार्च 2020 रोजी राज्यात संचारबंदी लागू झाली आणि जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. शहरातल्या माणसाला जिल्ह्याची सीमा नकाशावर दिसते. भीमाशंकरच्या डोंगरावर पुणे, रायगड आणि ठाणे हे तीन जिल्हे एकमेकांना भिडतात. इथल्या महादेव कोळी घरांच्या सोयरिकी जुन्नर-खेडमध्ये आहेत तशाच अकोल्यात आहेत, मुरबाडमध्ये आहेत. अकोले आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, मुरबाड ठाण्यात. लेकीचे सासर डोंगराच्या पलीकडे असले की सीमा बंद होताच तिच्या बाळंतपणाला आई जाऊ शकत नाही, आणि आई आजारी पडली तर लेक येऊ शकत नाही. पास ऑनलाइन मिळत होता, असे उत्तर दिले जाते. ज्या वाडीत मोबाइलला रेंज मिळवायला डोंगर चढावा लागतो, तिथे हे उत्तर कसे पुरावे?

कुटुंबाजवळ पोहोचण्याची ओढ किती तीव्र असते हे 8 मे 2020 च्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ दिसले. जालन्याहून मध्य प्रदेशातल्या आपल्या घरी निघालेले मजूर चालून थकले, रुळांवर झोपले आणि मालगाडीखाली 16 जण गेले. त्यांना कोणी मारायचे ठरवले नव्हते. पण गाड्या बंद करताना माणसाला घर असते, घरी त्याची वाट पाहणारे असतात, याचा हिशेब कोणी मांडला नव्हता. हक्कांचा विचार संकटाच्या सुरुवातीलाच करावा लागतो, तो यासाठी.

तिसरे म्हणणे सगळ्यात लोकप्रिय आहे : लग्न काय, पुढच्या वर्षी करता येईल. हे बोलणाऱ्यांनी लग्न म्हणजे जेवणावळ आणि बँड एवढेच गृहीत धरले आहे. लग्नाने माणसाचा कायदेशीर दर्जा बदलतो. वारसा, पेन्शन, नुकसानभरपाई, रेशनकार्ड, मुलांचा दाखला हे सगळे त्यावर उभे असते.

घरच्यांचा विरोध असलेल्या जोडप्याचा विचार करा. विशेष विवाह अधिनियम 1954 खाली नोटीस दिल्यावर 30 दिवस थांबावे लागते आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झाले नाही तर नोटीस रद्द होते. कार्यालये बंद, बस बंद, साक्षीदार जिल्ह्याच्या ठिकाणी नेता येत नाहीत. अशात मुदत संपली की पुन्हा नोटीस, पुन्हा 30 दिवस, आणि दरम्यान मुलगी त्याच घरात कोंडलेली. लता सिंग (2006), शफीन जहाँ आणि शक्तीवाहिनी (दोन्ही 2018) या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने प्रौढ व्यक्तीच्या जोडीदार निवडण्याच्या हक्काचे रक्षण केले आहे. या जोडप्यांसाठी ‘पुढे ढकला’ याचा अर्थ ‘घरच्यांच्या हाती स्वतःला सोपवा’ असा होतो.

तळेघरच्या बाबतीत तर हे आणखी खोल जाते. हिंदू विवाह अधिनियम 1955 च्या दुसऱ्या कलमात सांगितले आहे की केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याखेरीज हा कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही. म्हणजे महादेव कोळी घरातले लग्न रूढीने वैध ठरते. रूढीने लागलेल्या लग्नाचा पुरावा कोण असतो? दोन्हीकडची भाऊकी, मामा, सुपारी फोडताना बसलेली वडीलधारी माणसे, हळदीला आलेल्या बायका, गावचे वाजंत्री, जेवण रांधणारे हात. आणि आहेराची वही. कोणी किती रुपये दिले, कोणी लुगडे, कोणी भांडे, हे तिच्यात घरातल्या लिहित्या पोराच्या अक्षरात उतरते. ती वही म्हणजे देण्याघेण्याचा हिशेब असतो. उद्या त्यांच्या घरी कार्य निघाले की इथून तेवढे परत जाते, आणि कर्ज न काढता लेकीचे लग्न पार पडते ते याच आधारावर. त्याच वहीत ते लग्न झाल्याची साक्षही असते. मांडवात 25 माणसे ठेवली की सोहळा लहान होतो, एवढेच होत नाही. लग्नाचे साक्षीदार कमी होतात आणि घराचा आर्थिक आधारही जातो.

याचे परिणाम पुढे दिसतात. ऑक्टोबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोविडने मरण पावलेल्यांच्या वारसांना 50,000 रुपये सानुग्रह मदत देण्याची योजना मान्य केली. राज्याने विधवा आणि अनाथ मुलांसाठी ‘मिशन वात्सल्य’ सुरू केले. दोन्ही पावले चांगली होती. पण अर्ज भरताना बाईला विचारले जाते : लग्नाचा दाखला? ग्रामसेवकाच्या दप्तरात नोंद केलेली नसते, रेशनकार्डावर नाव सासऱ्याचे, आधारकार्डावर माहेरचे. वीस वर्षे संसार केलेल्या बाईला ती कोणाची बायको हे सिद्ध करायला सांगितले जाते, तेही नवरा जाऊन महिना झाला नसताना. लग्नाची नोंद सक्तीची हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2006 च्या सीमा खटल्यात सांगितले, आणि ते योग्यच आहे. पण नोंद हा लग्नाचा एक पुरावा आहे, एकमेव नव्हे. सरकारने लग्नाच्या वेळी माणसे कमी करायला लावायची आणि मृत्यूच्या वेळी पुरावे वाढवायला सांगायचे, या दोन टोकांच्या मध्ये इथली बाई सापडते. माळीणसारख्या दुर्घटनेत तर घर, कागद आणि साक्षीदार सगळेच एका रात्रीत जाऊ शकतात. तिथे गावाच्या स्मरणाखेरीज दुसरे दप्तर उरत नाही.

चौथे म्हणणे मला सगळ्यात जास्त टोचते : आदिवासींना सक्तीशिवाय समजत नाही. ते मांडणारे बहुतेकदा बालविवाहाचे उदाहरण देतात, आणि ते उदाहरण खोटे नाही. शाळा आणि आश्रमशाळा बंद झाल्या, घरात मिळकत नाही, कमी खर्चात लग्न उरकते, अशा कारणांनी टाळेबंदीत राज्यात बालविवाहांची भीती वाढली आणि ठिकठिकाणी ते रोखावेही लागले. मग माझे उत्तर काय?

उत्तर असे की त्या मुलीचा हक्क हाच कुटुंबाच्या हक्काचा पहिला भाग आहे. तिला 18 वर्षांपूर्वी मांडवात बसवण्याचा हक्क कोणत्याही बापाला, भाऊकीला किंवा रूढीला घटनेने दिलेला नाही. बालविवाह प्रतिबंध अधिनियम 2006 खाली आपल्या राज्यात ग्रामसेवक हाच गावातला प्रतिबंध अधिकारी असतो. सक्ती करायची तर ती इथे करायची होती. पण मांडवात माणसे किती हे मोजण्यासाठी पोलीस होते, आणि नवरीचे वय पाहणारी यंत्रणा दुसऱ्या दहा कामांना जुंपलेली होती. 25 माणसांत उरकलेल्या लग्नात तर शाळेतल्या बाई नसतात, शेजारची आशाताई नसते, वय विचारणारे कोणी नसते. पाहुण्यांवर धरलेली सक्ती मुलीच्या मदतीला आली नाही. तिला शाळा हवी होती, वसतिगृह हवे होते, तिच्याशी बोलणारे कोणीतरी हवे होते.

आणि समज कमी, हे कोणाबद्दल बोलता? या पट्ट्याला ‘पेसा’ कायदा 1996 पासून लागू आहे. ग्रामसभेला आपल्या परंपरा, रूढी आणि वाद सोडवण्याच्या पद्धती जपण्याचा अधिकार त्या कायद्याने मान्य केला आहे. लग्न कुठे आणि किती माणसांत लावायचे, कोणत्या वाडीने कोणत्या दिवशी लावायचे, बाहेरून आलेल्याला कुठे ठेवायचे, हे साथीच्या काळात ग्रामसभेला विचारून ठरवता आले असते. माणसे आपल्या गावाचा जीव धोक्यात घालायला निघालेली नसतात. त्यांना कोणी विचारले नाही, एवढेच.

साथ लोकांना बरोबर घेऊन हाताळायची की लोकांवर चाल करून, हा प्रश्न पुणे जिल्ह्यासाठी जुना आहे. 1897 च्या प्लेगमध्ये ब्रिटिश अधिकारी रँडने पुण्यात सैनिक घरांत घुसवले, देवघरापासून माजघरापर्यंत झडत्या घेतल्या, आणि त्याचा शेवट 22 जूनला गणेशखिंडीत रक्तपाताने झाला. त्याच वर्षी, त्याच शहरात, सावित्रीबाई फुले रुग्णांना मुलगा यशवंत यांच्या दवाखान्यात नेत होत्या, आणि 10 मार्चला त्यांना प्लेगनेच मृत्यू आला. रँडला अधिकार देणारा साथरोग अधिनियम तेव्हापासून टिकला आणि 123 वर्षांनी पुन्हा आपल्यावर लावला गेला. संकटात केलेला कायदा संकटाबरोबर जात नाही, याचा याहून मोठा पुरावा नको.

दुसरा पुरावा ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दर पाच वर्षांनी मिळतो. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरे मूल झाले तर सदस्यत्वाला अपात्र. 1976 मध्ये जी सक्ती शस्त्रक्रियेची होती ती आता उमेदवारी अर्जावर आली. मुले किती हे ठरवण्यात ज्या बाईचे घरात चालत नाही, तिचेच सदस्यपद यात जाते. 2003 च्या जावेद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हरियाणातली अशीच अट वैध ठरवली, हे मला ठाऊक आहे. पण जबलपूरचा निकालही 41 वर्षे न्यायालयाने पुसलेला नव्हता. एखादी गोष्ट वैध ठरली म्हणून तिच्याविरुद्धचा युक्तिवाद संपत नाही.

तिसरा पुरावा अगदी अलीकडचा. वसईच्या एका तरुणीच्या निर्घृण खुनानंतर, डिसेंबर 2022 मध्ये, राज्य सरकारने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांची माहिती घेणारी समन्वय समिती नेमली. टीका झाल्यावर दोन दिवसांत आंतरजातीय हा शब्द वगळला, आंतरधर्मीय तसाच राहिला. खून हा गुन्हा आहे आणि त्याला कठोर शिक्षा हवी. पण एका गुन्ह्याला सामाजिक संकट ठरवून सगळ्या प्रौढ जोडप्यांच्या लग्नांवर नजर ठेवणे ही तीच जुनी वाट आहे. संकट मोठे करून सांगायचे, आणि मग सरकारने घरात यायचे.

मग संकटात सरकारने हात बांधून बसावे का? नाही. मर्यादा घालाव्यात, पण चार प्रश्नांना उत्तर देऊन. आदेशाला कायद्याचा आधार आहे का? हेतू खरा आहे का? घातलेले बंधन त्या हेतूपुरते आणि शक्य तितके सौम्य आहे का? आणि चुकले तर दाद कुठे मागायची? ही कसोटी माझ्या पदरची नाही, पुट्टस्वामी खटल्यातच ती मांडली गेली आहे. एप्रिल 2021 चा लग्नाचा आदेश पहिल्या दोन प्रश्नांत उत्तीर्ण होतो. तिसऱ्यात नापास होतो, कारण मोकळ्या जागेचा, दुर्गम वस्त्यांचा आणि दंड सोसण्याच्या ऐपतीचा विचारच त्यात नव्हता. चौथ्यातही नापास होतो, कारण तळेघरच्या माणसाला 50,000 च्या दंडाविरुद्ध जवळची दाद नव्हती. न्यायालये संकटातही जागी राहू शकतात, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 21 ऑगस्ट 2020 रोजी दाखवले. तबलिगी जमातीच्या परदेशी सदस्यांवरचे गुन्हे रद्द करताना साथीच्या काळात बळीचे बकरे शोधले जातात, हे खंडपीठाने स्पष्ट शब्दांत सांगितले. पण खंडपीठापर्यंत जाणे सगळ्यांच्या आवाक्यात नसते. म्हणून आदेशच नीट असावा लागतो.

माझ्या मागण्या साध्या आहेत. संकटातल्या प्रत्येक आदेशावर तो केव्हा संपणार याची तारीख असावी आणि मुदत वाढवायची तर कारणे लेखी द्यावीत. लग्न, बाळंतपण, आजारपण आणि अंत्यविधी यांसाठीचा प्रवास कधीही पूर्ण बंद करू नये. दंड मिळकतीच्या प्रमाणात असावा. विशेष विवाह अधिनियमाच्या नोटिशीची मुदत कार्यालये बंद असलेल्या दिवसांसाठी आपोआप वाढावी. अनुसूचित क्षेत्रात असे आदेश ग्रामसभेच्या सल्ल्याने लागू व्हावेत, आणि आपत्तीत दगावलेल्याच्या पत्नीला ग्रामसभेच्या ठरावावर मदत मिळावी, नोंदीचा कागद नंतर पाहावा. दोन अपत्यांची अट रद्द व्हावी.

यातल्या निम्म्या गोष्टींसाठी विधानसभेची वाट पाहायची गरज नाही. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला गावोगाव ग्रामसभा भरतात. तळेघरच्या आणि भोवतालच्या वाड्यांतल्या वाचकांना माझी विनंती आहे : पुढच्या ग्रामसभेत दोन ठराव मांडा. पहिला, गावातल्या सगळ्या जुन्या-नव्या लग्नांची नोंद ग्रामसेवकाने वस्तीवर येऊन करून घ्यावी. दुसरा, कोणत्याही आपत्तीत गावावर बंधने घालण्याआधी प्रशासनाने ग्रामसभेला विचारावे. ठराव इतिवृत्तात लिहिला गेला आहे याची खात्री करा, त्याची सही-शिक्क्याची प्रत मागून घ्या, आणि ती घोडेगावच्या तहसीलदारांना आणि आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला पोच घेऊन द्या. संकट आल्यावर हे करायला वेळ मिळणार नाही. ते आज करा.